कोठा म्हणजे मोरी नव्हे

वक्त्यांनी पिशवीतून फूटभर लांबीचा पीव्हीसी पाइप काढून टेबलावर ठेवला. कुणाच्या तरी मोरीखालून नुकताच कापून आणलेला असावा. आतून काळपट, बुळबुळीत थर होता. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावला. ‘‘हे तुमचं आतडं,’’ वक्ते म्हणाले, ‘‘चाळीस वर्षं वापरलेलं आणि एकदाही न धुतलेलं.’’ टाळ्या पडल्या. मागोमाग एकवीस दिवसांच्या सफाईचे फॉर्म वाटले गेले. नाव, वय, वजन आणि पाचव्या ओळीत प्रश्न: ‘पोटाची शेवटची सफाई कधी केली?’ त्यापुढे तारीख लिहायला चौकटी.

आमच्या वसाहतीच्या सभागृहात रविवारी सकाळी भरलेल्या या शिबिराला मी शेजारणीच्या आग्रहाखातर गेले होते. ती तिथेच फॉर्म भरून मोकळी झाली. मी माझा घडी घालून पर्समध्ये टाकला. आयुष्याची बरीच वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे अशा जागी मी शक्यतो तोंड उघडत नाही. उघडले की घरचे म्हणतात, झाले हिचे लेक्चर सुरू. पण तो पाइप काही डोक्यातून जाईना. व्याख्यानात बारीकसारीक चुका पुष्कळ होत्या, त्या मी सोडून देते. बाकीचा सारा डोलारा मात्र त्या एका उपमेवर उभा होता. आतडे ही नळी. नळीतून अन्न वाहते. वाहता वाहता भिंतीला राप बसतो. राप कुजला की त्याचे विष रक्तात उतरते आणि मग मुरुमांपासून गुडघेदुखीपर्यंत सगळे काही. उपाय? पाइप धुवा. एकदा उपमा मान्य केली की पुढची प्रत्येक पायरी बिनतोड वाटते. म्हणून भांडायचे ते उपमेशीच.

वाहण्यापासून सुरुवात करू. नळाला पाणी येते कारण टाकी गच्चीवर असते. अन्नाचे तसे नाही, हे ज्याने बैलाला हौदावर पाणी पिताना पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. तोंड खाली हौदात, पोट वर, आणि तरी घोटामागून घोट मानेतून चढत जातो. गळ्याखालची लाट बाहेरून नुसत्या डोळ्यांना दिसते. माणसाचेही तेच. शीर्षासनातही घोट गिळता येतो (करून पाहू नका, ठसका लागला तर मी जबाबदार नाही). 1962 साली जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरायला गेला, तेव्हा वजन नसलेल्या अवस्थेत घास नीट गिळला जाईल ना, अशी शंका काही डॉक्टरांना होती. त्याने ट्यूबमधून सफरचंदाचा गर तोंडात पिळला आणि तो मुकाट्याने पोटात गेला. अवकाशात ‘खाली’ नावाची दिशाच नसते. अन्ननलिकेचे त्यावाचून काही अडले नाही.

अडत नाही कारण तिथे वाहणे नाहीच, तिथे ढकलणे आहे. साधारण 25 सेंटिमीटरच्या अन्ननलिकेतून स्नायूंची एक लाट आठ-दहा सेकंदांत खाली उतरते आणि घासाला पुढे घालून नेते. लहानपणी शाळेबाहेर प्लास्टिकच्या नळकांडीत गोठवलेली ‘पेप्सी’ खाल्ली असेल तर ही युक्ती तुमच्या बोटांना ठाऊक आहे: बुडाशी चिमटा घ्यायचा, बर्फ वर सरकतो. ग्रंथांच्या भाषेत हे क्रमाकुंचन, डॉक्टरांच्या तोंडी पेरिस्टाल्सिस. मी आपली लाट म्हणेन. पण पेप्सीच्या पिशवीला जे जमत नाही ते आतड्याला जमते, आणि सगळी मेख तिथेच आहे. आतडे घासाच्या मागे आवळते आणि त्याच वेळी घासाच्या पुढे सैल होते.

हे दोन्ही एकाच क्षणी घडते, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघांनी 1899 साली दाखवून दिले. दोघे मेहुणे होते. स्टार्लिंगची बहीण बेलिसला दिलेली. (प्रयोगशाळेत मेहुण्या-मेहुण्यांचे इतके जमलेले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.) कुत्र्याच्या लहान आतड्यात त्यांनी एका जागी चाळवणी केली. वरचा भाग आवळला, खालचा ढिला पडला. मग आतड्याकडे बाहेरून येणारे मज्जातंतू त्यांनी तोडले. तरीही वर आवळणे आणि खाली ढिले होणे चालूच राहिले. म्हणजे हुकूम मेंदूकडून येत नव्हता. तो आतड्याच्या भिंतीतच दिला जात होता. त्यांनी याला आतड्याचा नियम म्हटले. पाइपाला नियम नसतो, उतार असतो.

हे पुस्तकातून पटत नाही, पाहिल्यावर पटते. आमच्या विद्यार्थिदशेत प्रयोगशाळेत सशाच्या लहान आतड्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कोमट क्षारद्रावात टांगलेला असे. द्राव 37 अंशांवर, खालून प्राणवायूचे बुडबुडे. तुकड्याच्या एका टोकाला दोरा, दोऱ्याला तरफ, आणि तरफेचे टोक धुराने काळ्या केलेल्या कागदाच्या फिरत्या ड्रमवर टेकलेले. ससा केव्हाच गेलेला. मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही. आणि तो तुकडा शांतपणे वर-खाली, वर-खाली करत काळ्या कागदावर पांढऱ्या टेकड्या काढत असे. अॅड्रिनलिनचा थेंब टाकला की टेकड्या सपाट. धुऊन पुन्हा द्राव भरला की हळूहळू परत डोकी वर. अॅसिटिलकोलीन टाकले की तरफ ताडकन वर जाई. ड्रम पाहायला जमलेल्या आम्हा मुलींपैकी एक म्हणाली होती, ‘‘अगं, याला अजून कळलंच नाही.’’ वाक्य विनोदी आहे, पण आतड्याच्या स्वायत्ततेचे याहून नेमके वर्णन मी नंतर कुठल्या ग्रंथात वाचले नाही.

तो ठेका धरतात त्या भिंतीतल्या काही खास पेशी. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांचे नाव त्यांना मिळाले आहे. जठरात हा ठेका मिनिटाला सुमारे तीन, लहान आतड्याच्या सुरुवातीला बारा, आणि शेवटाकडे उतरत जाऊन आठ. वरचा ठेका जलद आणि खालचा संथ असल्यामुळे एकंदर ओढ खालच्या दिशेने राहते. त्यावर नियंत्रण ठेवायला भिंतीत मज्जापेशींची दोन जाळी आहेत. त्यांतल्या पेशींची संख्या दहा कोटींच्या वर मोजली जाते. वक्त्यांचा पाइप प्लंबर जोडून देतो आणि मग आयुष्यभर त्याच्याकडे कुणी बघत नाही. या नळीतला प्रत्येक वितीएवढा भाग आपल्यात काय आले, किती आले, पातळ की घट्ट, स्निग्ध की रुक्ष, हे चाचपतो आणि त्याप्रमाणे वागणूक बदलतो.

शिवाय पुढे ढकलणे हे अर्धेच काम. जठराच्या खालच्या टोकाशी लाटा अन्नाला बंद दारावर नेऊन आपटतात आणि मागे फेकतात, पुन्हा आपटतात. एक-दोन मिलिमीटरहून बारीक झालेले तेवढेच दारातून पलीकडे सोडले जाते. लहान आतडे तर बराच वेळ पुढे नेतच नाही. जागच्या जागी ठिकठिकाणी आवळते, सोडते, मग मधल्या जागी आवळते. कणीक तिंबतात तसे. मोठ्या आतड्याच्या पहिल्या भागात तर माल उलटाही सरकतो. घाई हा इथे गुण नाही. दिवसाकाठी प्यालेले पाणी आणि शरीराने स्वतः ओतलेले रस मिळून आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात उतरतो. शेवटी शौचावाटे जातो तो जेमतेम शे-दीडशे मिलिलिटर. बाकीचा सगळा परत मिळवायचा तर थांबावे लागते, घोळावे लागते. ‘जेवढे लवकर बाहेर तेवढे चांगले’ हे शिबिरातले वाक्य खरे असते तर कॉलऱ्याचा रोगी सर्वांत निरोगी ठरला असता.

आता उपमेला जिथे उत्तरच देता येत नाही तिथे येते. पाइपाच्या जगात अडथळ्याचा अर्थ एकच: आत काहीतरी अडकले आहे. ते काढा, वाट मोकळी. 1886 साली कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी दोन बालकांची हकिगत मांडली. जन्मापासून शौचाला धड होत नव्हते, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, आणि दोघेही दगावले. मोठे आतडे प्रचंड ताणलेले सापडले. आत गाठ नाही, पीळ नाही, बाहेरून दाब नाही. नळी मोकळी! जो कुणी पाहील तो त्या फुगलेल्या भागालाच दोष देईल, आणि कित्येक वर्षे दोष दिलाही गेला. प्रत्यक्षात तो फुगलेला भाग निरोगी होता. दोषी होता त्याच्या खालचा, दिसायला अगदी शहाणासुरता, बारीक भाग. तिथल्या भिंतीत जन्मतःच मज्जापेशी नव्हत्या. पेशी नाहीत म्हणून ‘पुढे सैल हो’ हा हुकूम नाही. हुकूम नाही म्हणून तेवढी पट्टी कायम आवळलेली. आणि वरचे बिचारे आतडे त्या बंद दारावर धडका मारून मारून फुगलेले. 1948 मध्ये स्वेन्सन या सर्जननी हा मज्जाहीन भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि मुले वाचू लागली. सुमारे पाच हजार जन्मांत एका बाळाला हा आजार असतो. या बाळांचे आतडे कितीही धुतले तरी धुण्याने हा आजार जाणार नाही, कारण आजार मळाचा नाही. लाटेला वाट करून देणारा तिथे कुणी नाही, हा आजार आहे.

इतक्या दूर जायचे नसेल तर कुठल्याही सर्जिकल वॉर्डात सकाळच्या राउंडला उभे राहा. अपेंडिक्सचे किंवा आतड्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो टाक्यांचा नसतो. ‘‘गॅस पास झाला का?’’ मग पोटाला नळी लावून ऐकतात. उघडलेल्या, हाताळलेल्या पोटात लाटा काही काळ थांबतात. लहान आतडे काही तासांत सावरते, जठराला दिवस-दोन दिवस, मोठ्या आतड्याला दोन-तीन दिवस लागतात. या काळात नळीत अडथळा नसतो, तरी काही पुढे जात नाही. नातेवाईक दाराशी ताटकळत असतात आणि एरवी चारचौघांत ज्याचे नाव काढत नाहीत त्या वाऱ्याची बातमी आली की पेढे वाटल्यासारखे चेहरे होतात. सगळ्या वॉर्डाला ठाऊक असते की पोट सुरू व्हावे लागते. फक्त सभागृहात आल्यावर ते धुवावे लागते.

मग तो राप? चाळीस वर्षांचा थर?

आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत गळून पडतात आणि खालून नव्या येतात. ज्या भिंतीचा रंग दर आठवड्याला खरवडून पुन्हा दिला जातो तिच्यावर चाळीस वर्षांचा डाग राहणार कसा? शिवाय वरून श्लेष्माचा निसरडा थर, तोही सतत नवा. कोलोनोस्कोपीत हे रोज दिसते: गुलाबी, ओलसर, चकचकीत भिंत. यावर कुणी विचारेल, की मग तपासणीआधी डॉक्टर तरी पोट का साफ करून घेतात? प्रश्न चांगला आहे. उत्तर असे की कॅमेऱ्याला काल-परवाच्या जेवणाचे उरलेसुरले आड येऊ नये म्हणून. ते एका दिवसाच्या औषधाने जाते, आणि ते गेल्यावर खाली कुठलाही जुना थर सापडत नाही. फोटो काढण्याआधी कुणाला बाजूला व्हायला सांगितले म्हणजे तो माणूस आजार ठरत नाही.

‘पण प्रत्यक्ष बाहेर पडलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले’ असे शेजारीण सांगते. पाहिले असणारच. इसबगोल आणि विशिष्ट माती पाण्यात मिसळून प्यायली की आतड्यात तिचा रबरासारखा, नळीच्या आकाराचा साचा तयार होतो. सफाईच्या पुडीत हीच दोन द्रव्ये असतात, आणि मग पुडीच पुडीचा पुरावा बनून टबात तरंगते. तेल आणि लिंबाचा रस पिऊन ‘पित्तखडे’ पाडण्याचाही असाच प्रकार. तसे पडलेले हिरवट गोळे न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी तपासले आणि 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले: तेलापासून पोटातच बनलेला साबण. खडे नव्हेतच.

खरी झाडलोट होते, पण ती आपली आपण. पोट रिकामे झाले की दर दीड-दोन तासांनी जठरातून एक जोरकस लाट निघते आणि लहान आतड्याच्या शेवटापर्यंत सगळे लोटत नेते: न पचलेले कण, जंतू, गळालेल्या पेशी. 1969 साली शुर्झेव्स्की या संशोधकांनी कुत्र्यांमध्ये तिचा माग काढला, आणि डॉक्टर मंडळी तिला घरकाम करणारी लाट म्हणतात. पोटात कावळे ओरडतात ते पुष्कळदा याच झाडूचा आवाज असतो. वक्ते म्हणाले होते की उपवासाने आतड्याला विश्रांती मिळते. उलट आहे. उपवासात आतडे विश्रांती घेत नाही, अंगण झाडते. घास आला की झाडू ठेवते आणि स्वयंपाकाला लागते. सकाळी बिस्कीट, अकराला चिवडा, मध्येच शेंगदाणे असे ज्याचे तोंड चालू असते त्याच्याकडे झाडूला सवड अशी रात्रीच. म्हणून लंघनाची थोरवी सांगणाऱ्या आजीशी माझे भांडण नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी करणाऱ्यांशी आहे. साबुदाण्याच्या खिचडीने झाडू थांबतो तो वरण-भाताने थांबतो तसाच.

राहिले विष. ही कल्पना आपल्या शिबिरवाल्यांची नव्हे, आणि ‘प्राचीन’ म्हणून ती सांगितली जाते तेव्हा मला विशेष गंमत वाटते. या रूपात ती एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसची आहे. डॉक्टर शार्ल बुशार यांनी 1880च्या दशकात मांडले की आतड्यातल्या कुजण्याने शरीर स्वतःलाच विषबाधा करते. पुढे नोबेल मिळवणाऱ्या मेचनिकॉव्ह यांनी मोठे आतडे हाच एक उपद्रव ठरवला. लंडनच्या गाइज हॉस्पिटलातले सर विल्यम आर्बथनॉट लेन हे हाडाच्या शस्त्रक्रियेत नाव कमावलेले, हात असा की समकालीन थक्क व्हावेत; त्यांनी तर्क शेवटापर्यंत नेला. पाइप घाण आहे ना? काढूनच टाका. साध्या बद्धकोष्ठासाठी त्यांनी माणसांची अख्खी मोठी आतडी कापून काढली. काहीजण त्यात मेले. सफाईच्या उपमेत एवढी ताकद असते, म्हणून मी तिला निरुपद्रवी म्हणायला तयार नाही.

या सगळ्यावर साधा प्रश्न विचारला तो वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकी डॉक्टरांनी, 1919 साली. बद्धकोष्ठाने डोके जड होते, मळमळते, चिडचिड होते हे खरे. पण शौचाला झाल्या झाल्या, काही मिनिटांत, माणूस मोकळा होतो. रक्तात विष असते तर ते मिनिटांत कसे उतरेल? दारू चढलेल्याच्या हातून बाटली काढून घेतली म्हणून त्याची दारू उतरत नाही. म्हणजे कारण विषाचे नाही, ताणाचे. गुदाशय भरून ताणला की त्याच्या मज्जातंतूंतून कुरबूर वर जाते. पुढे धडधाकट माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरून पाहिला गेला. तीच डोकेदुखी, तीच बेचैनी, आणि कापूस काढताच आराम. कापसात कुठले विष!

हे अल्वारेझ काही काळ हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले. कॅनन यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. क्ष-किरणांची बातमी आल्याला वर्षही झाले नव्हते तेव्हा, 1896 मध्ये, हा वैद्यकाचा विद्यार्थी हंसाच्या लांब मानेतून घास उतरताना पडद्यावर बघत होता. पुढे मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन जठराच्या लाटा मोजू लागला. लाटा छान चालत. मात्र मांजर धडपडू लागले, रागावले, घाबरले की जठर जागच्या जागी थबके. गोंजारून शांत केले की पुन्हा सुरू. मराठीला हे फार आधीपासून ठाऊक आहे. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो आणि दुःखात घास घशाखाली उतरत नाही. ‘तुझं आतडं चाळीस वर्षांत धुतलेलं नाही’ असे सांगून सभागृहातल्या दोनशे माणसांच्या पोटात एकदम गोळा आणणाऱ्या वक्त्यांनी त्या सकाळी किती जठरे थबकवली असतील, कोण जाणे.

तरी लोकांना बरे का वाटते? ताण उतरतो म्हणून, हे झाले. पण पुढचा सापळा अधिक वाईट. जोरदार रेच घेतला की मोठे आतडे पार रिकामे होते. ते पुन्हा भरून शेवटपर्यंत यायला एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. तेव्हा दुसऱ्या दिवशी शौचाला न होणे हे गणित आहे, आजार नव्हे. पण माणूस घाबरतो, ‘बघा, पुन्हा तुंबलं’ म्हणतो आणि दुसरी पुडी फोडतो. सोनामुखीच्या चूर्णाने दर रात्री कोठा ‘साफ’ करणारी माणसे मी घरात पाहिली आहेत. त्यांच्या सकाळी त्या डबीभोवती फिरतात. दिवसाला तीनदा ते आठवड्याला तीनदा, हा सगळा टप्पा निरोगी माणसांत आढळतो. रोज सकाळी सहाला, एका झटक्यात, ही आरोग्याची व्याख्या कुणी केली ते कळत नाही. बहुधा एकच संडास असलेल्या वाड्याने केली असावी.

बद्धकोष्ठ नसतेच असे मी म्हणत नाही. असते, आणि छळते. माझे म्हणणे एवढेच की त्यावर जे जे खरोखर चालते ते सगळे लाटेमार्फत चालते. गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून देशभर जाणारा इसबगोल मळ खरवडत नाही. तो पाणी धरून फुगतो, भिंतीला आतून ताण देतो आणि ताणाला आतडे लाटेने उत्तर देते. म्हणून पाण्याविना घेतलेला इसबगोल उपयोगाचा नाही. लहानपणी नाक दाबून पाजलेले एरंडेलही वंगण म्हणून चालत नव्हते. त्यातल्या रिसिनोलिक आम्लाला आतड्याच्या स्नायूवर बसायला एक ठरावीक खुर्ची आहे, हे 2012 साली स्पष्ट झाले. स्नायू त्यामुळे आवळतो. सकाळचा चहा तर ‘पाइप’ धुण्याइतका असतोच कुठे? रिकाम्या जठरात काही पडले की मोठ्या आतड्याला वर्दी जाते आणि दिवसातल्या मोजक्या मोठ्या लाटांपैकी एक उठते. चहा घेतल्याशिवाय होत नाही, असे लाजत सांगणाऱ्यांनी लाजू नये.

आणि ही लाट आली तेव्हा जाता आले पाहिजे. मला सभागृहात सर्वांत खटकले ते हे की दीड तासात या गोष्टीचा उल्लेखसुद्धा झाला नाही. वेग अडवू नये, आणि तो बळेच आणूही नये, असे वाग्भट सांगतो; चरकसंहितेत तर न अडवायच्या वेगांना वाहिलेला अख्खा अध्याय आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्र यात काडीचाही बदल सुचवत नाही. लाट आली आणि दाबली, पुन्हा आली, पुन्हा दाबली, की गुदाशय ताण सोसायला शिकतो आणि हाक मारणे कमी करतो. आता सांगा, ही हाक कोण दाबते? ज्या शाळेच्या संडासाला कडी नाही तिथली मुलगी. बाजारपेठेत दिवसभर उभी असलेली भाजीवाली. एसटीच्या लांबच्या फेरीवर असलेली कंडक्टर. त्यांच्या कोठ्याचा प्रश्न आतड्यात नाही, गावात आहे. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके, थायरॉइड, जुना मधुमेह ही आणखी कारणे. ती डॉक्टरांकडे जाऊन शोधायची. पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलली, रक्त दिसले, वजन उतरले, तर सफाई शिबिरात घालवलेले एकवीस दिवस फार महाग पडू शकतात.

हे वाचून कुणी मला योगाच्या विरोधात उभी करेल, म्हणून एक आठवण करून देते. 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी नौली ही पोटाची यौगिक क्रिया करताना मोठ्या आतड्यात काय होते हे नुसते सांगितले नाही. त्यांनी आत नळी ठेवून दाब मोजला, क्ष-किरण लावले, दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरतो हे पाहिले आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. निष्कर्षांवर वाद घालता येईल, कारण घालायला आकडे आहेत. शंभर वर्षांनंतर त्याच विषयावर बोलायला येणारा माणूस मोरीचा पाइप घेऊन येतो.

शेजारीण परवा फॉर्मची आठवण करायला आली. नावे द्यायचा शेवटचा दिवस होता. तिच्यासमोरच पर्समधून काढून भरला. नाव, वय, वजन. पाचव्या ओळीत, ‘पोटाची शेवटची सफाई कधी केली?’ यापुढच्या चौकटींत त्या दिवशीची तारीख लिहिली आणि चौकटींबाहेर, जागा पुरेना म्हणून बारीक अक्षरात: सकाळी सव्वासातला, चहानंतर, मी केली नाही, झाली.